मुर्तिजापूरले काहून यायचं?

गज्या,

लेका, राजापेठेतल्या त्या कॅमेऱ्याच्या दुकानात मी गेल्या आठवड्यात इतक्यांदा चढलो-उतरलो की त्याच्या पायरीला खळगा पडला. दुकानदार मला पाहून आता नमस्कार करत नाही, सरळ काचेच्या कपाटाची किल्ली काढतो. काउंटरवर मखमल अंथरतो, एक कॅमेरा माझ्या उजव्या हातात देतो, एक डाव्या हातात, आणि विचारतो, "काका, हा बरा की हा?"

आणि मला तू दिसतोस. जठारपेठेतल्या तुझ्या चष्म्याच्या दुकानात, गिऱ्हाइकाच्या नाकावर ती लोखंडी फ्रेम चढवून भिंगं बदलत बसलेला. हे बरं की हे? आता? आणि आता? गिऱ्हाईक गोंधळून "दोनी सारखेच" म्हणालं की तू भिंगं खाली ठेवायचास. म्हणायचास, डोळा थकला, आता जे सांगशील ते लबाड, उद्या ये. आलेल्या माणसाला असं घरी पाठवणारा चष्मेवाला अकोल्यातच काय, सातपुड्यापासून अजिंठ्याच्या डोंगरापर्यंत झाला नसेल. मी दुकानदाराला तेच सांगतो. डोळा थकला, उद्या येतो. मग गाडीला किक मारतो, छत्री तलावापर्यंत जातो, आणि गाडी बंद न करताच परत फिरतो. घरी येरझारा घालतो. आमची कुंदा म्हणते, एक तर घ्या, नाही तर घेऊ नका, पण असं फिरू नका, फरशी गरम होऊन राहिली.

खरं सांगू? मला निवडताच येत नाही. तीस वर्षांत मी एकही वस्तू स्वतः निवडलेली नाही. तू एक म्हणायचास, मी हटकून दुसरं म्हणायचो, मग भांडण, आणि भांडणातून जे जिवंत बाहेर पडेल ते घ्यायचं. तिपाई अशी घेतली, दुर्बीण अशी घेतली. आता उलट जायला समोर कोणी नाही. मग दुकानात उभा राहून तुझ्या बाजूनंही मीच बोलतो आणि त्यावर मीच चिडतो. परवा जरा मोठ्यानं बोललो, तर पासपोर्ट फोटोसाठी आलेली बाई पोराला घेऊन बाकाच्या दुसऱ्या टोकाला सरकली.

हा मजकूर तुलाच आहे, पण तू काही तो वाचणार नाहीस, वाचणारे दुसरेच. म्हणून त्यांच्यासाठी एवढं सांगायला हवं की आपल्या दोघांत मिळून एक लेन्स. लांब पल्ल्याची, दुधाच्या कॅनएवढी. (तू असतास तर म्हणाला असतास, तांब्याएवढी.) कॅमेरे आपले वेगवेगळे, पण कंपनी एकच, म्हणून ती दोन्हीवर बसते. लोक शेत भागीत करतात, बैलजोडी भागीत ठेवतात, आपण काच ठेवली. करार तोंडी. पाडवा ते दसरा अकोला, म्हणजे तू; दसरा ते पाडवा अमरावती, म्हणजे मी. माझं बियाण्यांचं दुकान, मृगाच्या तोंडावर मला जांभई द्यायलाही फुरसत नसते, म्हणून पावसाळा तुझा आणि हिवाळा माझा. हिवाळ्यात परदेशचे पाहुणे पक्षी येतात, ते सगळे माझ्या वाट्याला आले, यावरून तू दर दसऱ्याला एकदा कुरकुरायचास.

आणि देवघेव मुर्तिजापूरला, एसटी स्टँडसमोरच्या टपरीवर. निम्म्या वाटेवर भेटायचं असं ठरलं होतं, आणि मुर्तिजापूर निम्म्यावर नाही हे तिथल्या शेळ्यांनाही ठाऊक आहे. तुला ते हाकेच्या अंतरावर, मला मात्र जायचं तर कंबर मोडून ठेवायची. तू म्हणायचास, पण तिथला चहा कसा आहे. गज्या, तो चहा भिकार होता. सांगायचं राहून गेलं.

पहिल्याच दसऱ्याला तुझ्या सुनंदावहिनींनी लेन्स खणात गुंडाळून पाठवली होती. पोरगी सासरी चालली म्हणून पिशवीत तांदूळ, हळकुंड, सुपारी, खोबऱ्याची वाटी. ओटी भरून. चेष्टाच होती ती, पण दोन वर्षांत तिचा रिवाज झाला. दुसऱ्या का तिसऱ्या ओटीच्या तांदळातून एक सोंडा किडा लेन्समध्ये शिरला आणि दोन काचांच्या मधे त्यानं संसार थाटला. मी आजही शपथेवर सांगतो की त्या हिवाळ्यातल्या माझ्या प्रत्येक गरुडाच्या चोचीत सोंडा आहे. तू म्हणायचास, आतली एवढी बारीक वस्तू फोटोत उमटतच नाही, काचेचं शास्त्र आहे ते. शास्त्र तुझ्यापाशी होतं, बाबा. सोंडा माझ्यापाशी होता.

तुझा दुसरा कायदाही जगजाहीर होता. मध्याचं, म्हणजे माझं, बोलणं चारानं भागायचं. मी म्हणालो, तलावावर चाळीस करकोचे उतरले, की तू चष्मा न काढता "दहा" म्हणायचास आणि चहा प्यायचास. मेळघाटात बिबट्या माझ्यासमोर उभा राहिला, त्याचा श्वास माझ्या गालाला लागला, हे मी तुझ्या ओसरीवर रंगवून सांगत होतो. सगळे श्वास रोखून होते. तू म्हणालास, "चारानं भागला तं मांजर होते." त्यानंतर वर्षभर लोक मला त्या मांजरीची खुशाली विचारत होते.

म्हणून तुझ्या तेरवीला जे झालं त्यानं मी हादरलो. पंगत उठली होती, मी माणसांत बसून सांगत होतो की गजानन एकदा कापशीच्या तलावाकाठी गवतात इतका निश्चल बसला की खंड्या येऊन त्याच्या डोक्यावर बसला, तिथून त्यानं पाण्यात सूर मारला, मासा आणला आणि पुन्हा तिथेच बसून खाल्ला. सगळ्यांनी माना हलवल्या. एका म्हाताऱ्यानं उपरण्यानं डोळे पुसले. मी थांबलो. वाट पाहिली. कोणीच भागलं नाही. मी म्हणेन ते आता जसंच्या तसं माणसांच्या डोक्यात जाऊन बसणार. थाप मारायला कोणीही मारेल, पण भागणारा माणूस समोर असेल तरच तिला चव. नाहीतर ती नुसती खोटी गोष्ट.

कॅमेऱ्याचं भांडण मात्र अर्धंच राहिलं. तुझी बाजू मला पाठ आहे, दुकानात मीच तर मांडतो. तू आरशाच्या जुन्या कॅमेऱ्याचा. "उजेड पाखरावरून निघते, काचेतून येते, आरशावरून तुह्या डोयात पडते. मधात कोणी दलाल नाई. त्या बिनआरशाच्या कॅमेऱ्यात तू पाखरू नाई पाहून राहिला, पाखराचा टीव्ही पाहून राहिला." मी म्हणायचो, अरे टीव्ही तर टीव्ही, नव्या कॅमेऱ्याला पाखराचा डोळा आपोआप सापडतो, पाखरू उडालं तरी सुटत नाही, आणि सेकंदाला दोनशे फोटो. तू म्हणायचास, पन्नास. माहितीपत्रकात तर त्याहूनही कमी होते, पण मी ते पत्रक तुला दाखवलं नाही.

आरशाचं भांडण तोंडी लावायला होतं. पोटातलं वेगळं होतं. मला हवा होता तो कॅमेरा दुसऱ्या कंपनीचा. त्याच्यासोबत त्यांचीच नवी, हलकी, चपळ लेन्स. दुकानदारही तोच उजव्या हातात देतो. तो घेतला की आपली लेन्स माझ्या कॅमेऱ्यावर बसणार नाही. भागी संपली. हे दोघांनाही कळत होतं आणि दोघंही आरशावर बोलत होतो.

मग श्रावणात तणमोर झाला.

तेल्हाऱ्याकडच्या एका ओळखीच्या शेतकऱ्यानं तुला सांगितलं होतं की त्याच्या पडीत रानात रोज सकाळी एक काळा पक्षी उड्या मारतो. तुझी झोप उडाली. तणमोर! माळरानातला इतका दुर्मीळ पक्षी की त्याचं नाव घेतलं तरी आपण आवाज खाली आणायचो. पावसाळ्यात नर मादीसाठी गवतातून उड्या मारतो, एवढंच पुस्तकात वाचलेलं. आपण शेताच्या धुऱ्याआड, बांधामागे, पोटावर पडलो. तुझी पाळी, म्हणून लेन्स तुझ्या कॅमेऱ्यावर, आणि तिच्याखाली सरकी भरलेली ती तुझी मळकी उशी. मला दुर्बीण. चिखल बनियनपर्यंत पोचला होता.

आधी आवाज आला, बेडकानं घसा खाकरल्यासारखा. मग गवतातून तो सरळ वर आला. काळाभोर, गळ्याशी पांढरं, डोक्यामागे वळलेले तुरे. वर गेला, पाय मुडपले, हवेत जणू कोणी त्याला क्षणभर धरून ठेवलं, आणि पुन्हा गवतात. उडी माणसाच्या छातीएवढी. बघ, मी काही जोडलं नाही. त्या दिवशी जोडायला जागाच नव्हती.

तो पुन्हा उडाला, पुन्हा उडाला. तुझा कॅमेरा घरघरत राहिला आणि दर वेळी गवतालाच जाऊन चिकटला. मी म्हणालो, चल, रांगत पुढे जाऊ. तू माझ्या शर्टाची कॉलर धरलीस. "बस बे. त्याचं लगन आहे, तुही वरात नाई."

नंतर पडद्यावर पाहिलं. गवत असं लख्ख की त्याला कृषी प्रदर्शनात बक्षीस मिळावं, आणि मागे एक काळा डाग. सगळ्या फोटोंत तोच डाग. तेल्हाऱ्याच्या स्टँडवर चहा घेताना मी तुझ्यावर असा बरसलो की एसटीचा कंडक्टर घंटी द्यायला विसरला. तुझ्या आरशानं घात केला, म्हणालो. जन्मात एकदा दिसणारी गोष्ट, आणि हाती काय, तर गवत. मी या दसऱ्याला कंपनी बदलतो, म्हणालो. लेन्स तूच ठेव, बारा महिने ठेव.

तू चष्मा काढलास आणि शर्टालाच पुसलास. आयुष्यभर लोकांना मऊ फडकं विकलंस आणि स्वतःचा चष्मा शर्टाला. मग म्हणालास, "बदल. पण मंग मुर्तिजापूरले काहून यायचं?"

यावर मी काहीतरी बोललो. काय, ते आठवत नाही. त्याचाच संताप येतो, गज्या. तीस वर्षांच्या थापा मला स्वल्पविरामासकट पाठ आहेत आणि नेमकं हेच वाक्य गेलं. काही टोला मारला असेन. तू हसलास एवढं आठवतं. मग बस आली.

भाद्रपदात तू गेलास. ते कसं, कुठे, हे सगळं वर्तमानपत्रात आलं. फोटोही आला, तोही मीच काढलेला, आणि त्यात तुझा चष्मा चमकलाय. तू असतास तर संपादकाला पत्र लिहिलं असतंस.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी वहिनींचा फोन आला. कॅमेरा मी दसऱ्याच्या मुहूर्तावर घ्यायचा असं जाहीर करून बसलो होतो आणि दोन्ही हात रिकामे होते. वहिनी म्हणाल्या, भाऊजी, दसरा आला, येता ना परवा? मी म्हटलं, वहिनी, घाई काय आहे, मीच येतो जठारपेठेला सवडीनं. त्या म्हणाल्या, घरी काहून? रिवाज तं मुर्तिजापूरचा आहे.

मला वाटलं होतं, लेन्स घ्यावी लागेल, त्या म्हणतील तुमच्याकडेच ठेवा आता, आमच्याकडे कोण वापरणार. मी "नाही नाही" म्हणेन, त्या "ठेवा ठेवा" म्हणतील, आणि मग ती माझ्या कपाटात पडून राहील आणि मी मोकळा होईन. अशा मोकळं होण्याची मला भीती वाटत होती आणि त्याचीच मी वाटही पाहत होतो. त्या आठवड्यात माझ्या डोक्यात काय चाललं होतं ते मलाच कळत नव्हतं.

दसऱ्याच्या सकाळी मी टपरीवर आधी जाऊन उभा राहिलो. अकोल्याची बस लागली. वहिनी उतरल्या, एकट्याच, पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरून. अशी तूही कधी धरली नव्हतीस, तू तर खांद्याला लटकवून कंडक्टरशी भांडत उतरायचास. मी पुढे झालो. तोंड उघडलं आणि 'बस वेळेवर आली' एवढंच, खरं-खरं, बोललो. तुला सांगतो, हे पाहायला तू हवा होतास.

चहा घेतला. वहिनींनी एक घोट घेतला, ग्लासात पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"हा चहा प्यायले येत होते तुमी दोघं? याच्यात तं काईच नाई."

जिंकलो, गज्या. साक्षीदार तुझ्याच घरचा.

मी पिशवी उघडली. आत लेन्स, हिरव्या खणात गुंडाळलेली. तांदूळ, हळकुंड, सुपारी, खोबऱ्याची वाटी. मी हात तसाच ठेवून वहिनींकडे पाहिलं. आपल्याकडे जिचा नवरा गेला तिनं ओटी भरायची नसते, हे मला सांगायला नको आणि त्यांनाही नको. शेजारच्या बाकावरच्या दोन बायका पिशवीकडे बघत होत्या.

"पाहून काय राहिले, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "ओटी मी भरून राहिली. माही कोणी नाई भरून राहिलं." मग तांदळात बोट फिरवून, "सोंडे निवडून घेतले आहेत यावेळी."

मी खण नीट गुंडाळला. त्यांना सांगावं म्हटलं की आता या लेन्सचं माझ्याकडे फारसं काम राहणार नाही, मी कंपनी बदलतोय. वाक्य जुळवत होतो, तेवढ्यात त्याच म्हणाल्या की पाडव्याला परत पाहिजे. पावसाळा अकोल्याचा आहे. मी विचारलं, पण वहिनी, काढणार कोण? त्या म्हणाल्या, मी. तुझा कॅमेरा त्यांनी काढलाय. गच्चीवर जातात. तारेवरचे वेडे राघू काढतात, तार बरोबर येते, राघू येत नाही. तुझ्याच वळणावर गेल्यात म्हणायच्या.

"मले ते पाखरू पाहायचं आहे," त्या म्हणाल्या. "विजेच्या तारेएवढी उडी मारते म्हणे."

कोण म्हणालं, मी विचारलं.

"हेच सांगत होते. अख्ख्या गल्लीले सांगितलं. तुमी धुऱ्याआड पडले होते, तं ते तुमच्या डोक्यावरून गेलं, पंखाचा वारा लागला. लोक म्हणत, फोटो दाखवा. तं हे म्हणत, फोटो काय पाहता, मध्याले विचारा, तो होता संगं." वहिनींनी ग्लास खाली ठेवला. "खरं आहे ना, भाऊजी?"

अरे चोरा. तीस वर्षं माझ्या प्रत्येक बोलण्याला चारानं भागलंस, आणि मागे फिरून एवढी मोठी मारलीस? छातीएवढी उडी विजेच्या तारेवर नेऊन ठेवलीस, आणि साक्षीला कोणाला उभं केलंस, तर मला. वऱ्हाडात ज्याच्या शब्दावर उधार मीठ कोणी देणार नाही, त्या मला.

वहिनी माझ्याकडे पाहत होत्या. भागायला मी नवखा आहे, पण एवढा हिशेब मलाही येतो. छाती कुठे, तार कुठे.

"हौ वहिनी," मी म्हणालो. "वारा मलेही लागला."

त्या हसल्या. तेरवीपासून पहिल्यांदाच असेल. मग बस लागली, आणि खिडकीतून त्यांनी एवढंच सांगितलं की पाडव्याला चहा दुसरीकडे घेऊ.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला तेल्हाऱ्याला सुचलं नव्हतं. परत येताना सगळ्या वाटेवर पिशवी मी मांडीवर ठेवली होती, खाली नाही, आणि बडनेरा येईपर्यंत ते उत्तर तसंच मांडीवर होतं.

संध्याकाळी दुकानात गेलो. त्यानं सवयीनं दोन्ही कॅमेरे काढले. मी उजव्या हातातला परत दिला. डावा घेतला, आपल्याच कंपनीचा, बिनआरशाचा. मधे एक कडं बसवलं की आपली जुनी लेन्स त्यावर चढते. आरशावर तू हरलास, कंपनीवर मी हरलो, नेहमीसारखंच. दुकानदार हळहळला. म्हणाला, काका, एवढं वजन, कडं लावून अजून लांब होते, कशाला जुन्याचा हट्ट, ती नवी लेन्स किती चपळ आहे. मी खण सोडला, लेन्स चढवली. पिशवीतून चार तांदूळ त्याच्या मखमलीवर सांडले. त्यानं ते बोटानं गोळा केले आणि काही विचारलं नाही. डोळा लावला. आत टीव्हीच आहे, गज्या, खरं होतं तुझं. पण समोरच्या तारेवरचा पारवा त्यानं असा पकडला की त्याच्या डोळ्याभोवतीची कड दिसली.

या लेन्सनं आजवर काय मोठं काढलंय, दुकानदारानं विचारलं. मी म्हटलं, तणमोर. तो म्हणाला, दाखवा. फोटो नाही, मी म्हटलं, पण उडी सांगतो. किती उंच, त्यानं विचारलं.

मी बाहेरच्या तारेकडे बोट केलं.

त्यानं मनात चारानं भागलं असेल की नाही, कोण जाणे. मी भागलं नाही. तीस वर्षांत तुझी एवढी एकच थाप माझ्या हाती लागली आहे, ती तशीच ठेवली, पूर्ण.